सात साइट्स, सात तऱ्हा

मेरिन ओकफर्डच्या घरी, धुण्याच्या खोलीत वॉशिंग मशीनच्या वरच्या फळीवर, कुठल्याशा ऑफिसने मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर वर्षानुवर्षं चालू होता. त्यावर सात वेबसाइट्स होत्या. एक तिची स्वतःची, एक बहिणीच्या मातीच्या भांड्यांची, एक ओळखीतल्या फेलेटीच्या बियाण्यांची, एक खाडीवर पाणपक्षी मोजणाऱ्या दोघी मैत्रिणींची, दोन अशाच गावातल्या माणसांच्या, आणि एक आल्विन पर्डनच्या होड्यांची. टास्मानियातलं फ्रँकलिन गाव ते केवढं, ह्यूऑन नदी आणि सफरचंदांच्या बागा यांच्या मधे सापडेल तेवढ्या जागेत वसलेलं. पण आपलं लिहिलेलं आपल्याच गावात, आपल्या ओळखीच्या घरातल्या यंत्रावर असावं, असं वाटणारी माणसं त्यात निघाली होती, आणि ती सगळी मेरिनकडे येत. महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी नदीकाठच्या सभागृहात ती जमत, चहा पीत, आणि मेरिन बोलली की ऐकत.

ऐकण्यासारखंच ती बोलायची. पोटापाण्यासाठी ती एका मोठ्या कंपनीचे सर्व्हर घरी बसून सांभाळायची. तिथली तिची शिस्त कडक होती. कुणी परस्पर सर्व्हरवर जाऊन एक अक्षर जरी बदललं, तरी ती त्याला चारचौघांत समज द्यायची. प्रत्येक गोष्ट एकाच रस्त्याने वर जायची, तपासून जायची, आणि मागे परतायची वाट मोकळी ठेवून जायची.

घरच्या फळीवर मात्र यातलं काही नव्हतं. ज्या वर्षी ज्या पद्धतीचं वेड होतं, त्या वर्षी आलेली साइट त्या पद्धतीने बसली होती. बहिणीची साइट लॅपटॉपवरून हाताने चढायची. फेलेटीची स्वतःच दुसरीकडून नवी प्रत ओढून आणायची. पक्ष्यांची साइट बंद डब्यासारख्या कंटेनरमध्ये होती, आणि त्या डब्याचं झाकण कसं उघडायचं हे मेरिनला दर वेळी नव्याने आठवावं लागायचं. सात साइट्सच्या सात तऱ्हा. एकदा बसून सगळ्या एका पद्धतीवर आणायला हव्यात, असं ती चार वर्षं स्वतःला सांगत होती. सभागृहात मात्र तिने एकदा तासभर याच विषयावर भाषण दिलं होतं, फळ्यावर बाण काढून, आणि कुणीतरी विचारलं की तुझ्याकडे घरी असंच आहे का, तेव्हा ती म्हणाली होती, ‘‘जवळपास.’’

आल्विनची साइट सगळ्यांत निराळी होती, कारण आल्विन निराळा होता. वय एकोणऐंशी. आयुष्यभर त्याने लाकडी होड्या बांधल्या होत्या, एकूण त्रेसष्ट. प्रत्येक होडीची नोंद त्याच्याकडे होती: लाकूड कुठल्या डोंगरावरचं, कुणी सांगून करून घेतली, पहिल्यांदा पाण्यात सोडली तेव्हा कोण हजर होतं, पुढे ती कुणाच्या हाती गेली. या नोंदी वह्यांत होत्या आणि वह्यांना त्याच्या शेडमधल्या ओलीने बुरशी चढली होती. त्याला कुणाच्या हाताखाली राहायचं नव्हतं. मनात येईल तेव्हा आपणच लिहायचं, आपणच फोटो चढवायचे, असं त्याचं म्हणणं पडलं. म्हणून मेरिनने त्याला अशी सोय करून दिली की ब्राउझर उघडायचा, एका पानावर लिहायचं, बटण दाबायचं. लिहिलेलं थेट त्या फळीवरच्या यंत्रात जाऊन बसायचं. तीन वर्षं तो एका बोटाने टाइप करत होता.

एकदा त्याने विचारलं होतं, ‘‘या वह्यांचं काय करू? शेडभर वास मारतात.’’

‘‘टाकून द्या,’’ मेरिन म्हणाली होती. ‘‘इथे सगळं सुरक्षित आहे. रोज बॅकअप होतो.’’ त्याच आठवड्यात त्याने वह्या टाकून दिल्या.

बॅकअप रोज होत होता, ते खरं. पण तो ज्या यादीवरून चालायचा, ती यादी आल्विन येण्याआधीची होती. त्याची साइट वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या तऱ्हेने बसवलेली. यादीत तिचं नाव घालायचं राहून गेलं, आणि नंतर ते तिच्या ध्यानातही आलं नाही.

मार्च महिन्यातल्या एका रविवारी सकाळी आल्विनचा फोन आला. पानाच्या माथ्यावर ‘पर्डन’ऐवजी ‘पर्डेन’ पडलं होतं आणि होबार्टच्या कुणा चुलतभावाने त्याची थट्टा केली होती. दोन मिनिटांचं काम होतं. बहीण जेवायला येणार होती, ओव्हनमध्ये कोकराची तंगडी होती. मेरिनने लॅपटॉपवर ते अक्षर दुरुस्त केलं. मग ते वर कसं चढवायचं हे आठवत बसण्यापेक्षा तिने आधीची कमांड पुन्हा वर आणली. ती बहिणीच्या साइटची होती. तिने तीत फक्त नाव बदललं आणि बटण दाबलं.

ती कमांड लॅपटॉपवरच्या फोल्डरसारखा तिकडचा फोल्डर हुबेहूब करायची. इकडे जे नसेल, ते तिकडून पुसायची. बहिणीच्या साइटला ते योग्यच होतं, कारण तिचं सगळं लॅपटॉपवर असायचं. आल्विनचं लॅपटॉपवर काहीच नव्हतं, नुसता सांगाडा होता.

पडद्यावर ओळी पळायला लागल्या. पुसलं, विनिफ्रेड, एकोणीसशे अडुसष्ट, फोटो तीन. पुसलं, लिटल हॅना, फोटो एक. मेरिनला पहिल्यांदा एवढंच वाटलं की या होड्यांची नावं किती छान आहेत. मग हात विजेसारखा पुढे झाला, तिने ते थांबवलं, पण थांबवायला उरलंच काय होतं. काम संपलं होतं.

ती बॅकअपकडे धावली. पहिल्या यादीत पाहिलं, मग जुन्या प्रतींत पाहिलं, मग जिथे असणं शक्यच नाही अशा जागी पाहिलं. बहीण आली तेव्हा तंगडी एका बाजूने करपली होती. मेरिनने दार उघडलं, हसली, आणि जेवताना सबंध वेळ मातीच्या भांड्यांवर बोलली.

आल्विनकडे ती दुसऱ्या दिवशी गेली. वाटेत तिने वाक्य तयार केलं होतं: माझी चूक झाली. शेडच्या दारात तो रंध्याने वल्ह्याची पाठ गुळगुळीत करत होता. त्याने वर पाहिलं आणि विचारलं, ‘‘काय गं पोरी, तोंड का उतरलंय? साइट बंद आहे म्हणून?’’ आणि तिच्या तोंडून निघून गेलं, ‘‘डिस्क गेली, आल्विन. यंत्राची डिस्क बिघडली. तुमचा भाग होता नेमका तोच.’’

इतकं सहज निघालं की तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. कंपनीत कुणी असं सांगितलं असतं तर तिने दहा प्रश्न विचारून त्याला पाचव्याच प्रश्नाला पकडलं असतं. आल्विनने एकही विचारला नाही. त्याने रंधा खाली ठेवला, नदीकडे पाहिलं, आणि म्हणाला, ‘‘सगळं?’’

‘‘सगळं.’’

‘‘बरं,’’ तो म्हणाला. ‘‘यंत्राला कोण काय करणार.’’

गुरुवारी तो तिच्या दारात उभा होता. हातात कापडाखाली झाकलेली गरम स्कॅलप पाय, शिंपल्यांचं सारण भरलेली. ती मनाला लावून घेईल, जेवणार नाही, असं त्याला वाटलं होतं. स्वयंपाकघरात बसून तो तिचीच समजूत काढत होता. त्याच्या दोन होड्या वादळात फुटल्या होत्या, त्याने स्वतः फळी अन् फळी बसवलेल्या, त्यात काही कुणाचा दोष नव्हता, असं त्याने सांगितलं. मेरिनने पाय खाल्ली. तो बघत होता म्हणून तिने दुसऱ्यांदाही घेतली. तो गेल्यावर ती मोरीपाशी कितीतरी वेळ नळ सोडून उभी राहिली.

एवढ्यावर निभावलं असतं तर ती कदाचित तशीच राहिली असती. माणसं राहतात. पण एप्रिलच्या पहिल्या शनिवारी सभागृहात आल्विन उभा राहिला. एरवी तो कधी बोलत नसे. त्याने सगळ्यांना डिस्कची गोष्ट सांगितली आणि म्हणाला की या बाईने आपल्यासाठी फुकट एवढं केलं, तिला कुणी बोल लावू नये. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मेरिन चहाच्या कपाकडे बघत होती. कपाला गेलेला बारीक तडा तिने त्या दिवशी जेवढा नीट पाहिला, तेवढा आधी कधी पाहिला नव्हता.

टाळ्या थांबल्यावर फेलेटी मोआला तिच्याजवळ आला. फेलेटी मूळचा टोंगाचा, वीस वर्षं या खोऱ्यात, शाळांचे कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. मेलेल्या डिस्कमधून माहिती काढण्यात त्याचा हातखंडा होता. ‘‘मला सांगितलं का नाहीस?’’ तो म्हणाला. ‘‘डिस्क दे माझ्याकडे. असेल त्यात काहीतरी जिवंत.’’

आल्विन शेजारीच उभा होता. त्याचा चेहरा एकदम उजळला.

मेरिनकडे बिघडलेली डिस्क नव्हती. फळीवरची धडधाकट डिस्क अजून तशीच फिरत होती. ती म्हणाली, शोधते, कुठे ठेवली बघते. घरी येऊन तिने खण उपसले. एका खोक्यात एक जुनी डिस्क सापडली, दहाएक वर्षांपूर्वीची, कधीच बंद पडलेली. ती तिने कागदात गुंडाळली, वर तारीख घातली, मार्चमधली, आणि सोमवारी फेलेटीच्या दारी पोचवली. तारीख घालताना आपलं अक्षर नेहमीपेक्षा सुबक आलंय, हे तिला दिसत होतं.

फेलेटीने त्या डिस्कवर दोन शनिवार घालवले. एक सुटा भाग त्याने ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून मागवला. रविवारी चर्चनंतर त्याच्याकडे सगळं कुटुंब जेवायला जमायचं, तर एका रविवारी तो जेवण सोडून त्या डिस्कपाशी बसला, असं त्याच्या बायकोने मेरिनला बाजारात कौतुकाने सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी तो स्वतः आला. आत यायला तयार नव्हता. ओसरीच्या पायरीवरच बसला आणि कागदात गुंडाळलेली डिस्क त्याने दोघांच्या मधे ठेवली.

‘‘उघडली,’’ तो म्हणाला. ‘‘सगळी माहिती निघाली. तुझ्या जुन्या घराचे फोटो आहेत. कुत्रा आहे एक, तपकिरी. होडी एकही नाही.’’

मेरिनने कागदावरच्या आपल्या सुबक अक्षराकडे पाहिलं.

‘‘यावर शेवटचं लिहिलं गेलंय त्याला अकरा वर्षं झाली, मेरिन. मार्चमध्ये ही डिस्क कशी जाईल?’’

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याचा आवाज एखाद्या आजाऱ्याशी बोलावं तसा होता. मग तिने सांगितलं. कमांड, पळणाऱ्या ओळी, यादी, वह्या. सांगताना ती सगळा वेळ समोरच्या कुंपणाकडे बघत होती. फेलेटीने मधे फक्त एकच गोष्ट विचारली: त्या दिवसापासून ते यंत्र चालूच आहे का?

‘‘हो.’’

‘‘त्याच डिस्कवर बाकीच्या सहा साइट्स? रोजचं लिहिणं, पुसणं, सगळं?’’

‘‘हो.’’

फेलेटीने दोन्ही हात तोंडावरून फिरवले. ‘‘तुला माहीत आहे,’’ तो हळूच म्हणाला. ‘‘माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पुसलेलं लगेच जात नाही. त्या सोमवारी यंत्र बंद करून माझ्याकडे आणलं असतंस तर मी जवळजवळ सगळं काढलं असतं. पाच आठवडे तू त्याच्यावर नवं गिरवत बसलीस.’’

तिला ते माहीत होतं. तिने ते कळू दिलं नव्हतं स्वतःला. यंत्र बंद केलं असतं तर बाकीचे सहा जण विचारत आले असते, आणि डिस्क गेली म्हणावं तर त्यांच्या साइट्स कशा चालू, याला उत्तर नव्हतं. खोटं टिकवायचं म्हणून तिने यंत्र चालू ठेवलं होतं. चूक एका बटणाची होती. पुढचं सगळं तिने शुद्धीवर असताना केलं होतं.

त्याच दुपारी फेलेटीने यंत्र फळीवरून काढून नेलं. सातही साइट्स बंद पडल्या. मेरिन आल्विनकडे गेली.

या खेपेला तिने वाक्य तयार केलं नव्हतं. तो शेडमध्ये डब्यावर बसून चहा पीत होता. तिने उभ्यानेच सगळं सांगितलं, शेवटचं फेलेटीचं बोलणंसुद्धा. आल्विन कप हातात धरून ऐकत होता. बाहेर कुणाची तरी होडी धक्क्याला घासत होती.

‘‘मी तुझ्याकडे स्कॅलप पाय घेऊन आलो होतो,’’ तो म्हणाला.

‘‘हो.’’

‘‘तू दोनदा घेतलीस.’’

मेरिनला मान वर करता येईना.

‘‘फोटो गेले ते मी समजू शकतो,’’ आल्विन म्हणाला. ‘‘माझ्या हातून एकदा एका माणसाचं बोट गेलंय करवतीखाली. चूक कशी होते ते मला माहीत आहे. पण त्या सगळ्या लोकांपुढे तू मला उभं राहू दिलंस. मी म्हातारा तिथे डिस्कवर भाषण देत होतो. आणि तू बसून ऐकलंस.’’ त्याने उरलेला चहा जमिनीवर ओतला. ‘‘आता जा. मला आज तुझ्याशी बोलायचं नाही.’’

ती गेली. घरी पोचेपर्यंत रस्त्यात तीन ओळखीची माणसं भेटली आणि तिघांनीही साइट बंद का म्हणून विचारलं. तिघांनाही तिने खरं सांगितलं. पहिल्याला सांगताना आवाज फुटला नाही, पुन्हा सांगावं लागलं. तिसऱ्यापर्यंत सराव झाला असेल असं वाटलं होतं, तसा काही झाला नाही.

यंत्राशिवायचे ते दिवस तिने सात साइट्सच्या विचारात काढले. दुसरं काही करण्यासारखं हातात नव्हतं. पहिल्यांदा तिच्या मनात आलं की कंपनीत आहे तशीच व्यवस्था इथे उभी करावी, दिमाखदार, आपोआप चालणारी, पन्नास साइट्स पेलेल अशी. आराखडा काढताना तिला बरं वाटायला लागलं, आणि बरं वाटतंय हे कळताच तिने कागद बाजूला ठेवला. नंतर फेलेटीला तो दाखवला तेव्हा तो म्हणाला, ‘‘सात होडक्यांसाठी बंदर बांधतेस? आणि उद्या तू आजारी पडलीस तर ते चालवणार कोण, तुझी बहीण?’’

मग तिने सगळ्या साइट्स कंटेनरमध्ये घालायचा विचार केला. एकसारखेपणा आला असता. पण आल्विनचं लिहिलेलं पुन्हा एका बंद डब्यात गेलं असतं, जो फक्त तिलाच उघडता येतो. फेलेटीच्या साइटसारखं सगळं बाहेरून ओढून घेणारं करावं, तर पक्षी मोजणाऱ्या दोघींना ते जमणारं नव्हतं. भाड्याच्या सेवेवर सगळं सोपवणं सर्वांत सोपं होतं. ती त्यालाही तयार झाली होती, आपण या कामाच्या लायकीचे नाही असं म्हणून. फेलेटीने तेही ऐकून घेतलं आणि म्हणाला की हे शहाणपण नाही, हे तोंड लपवणं आहे.

तिच्या लक्षात यायला वेळ लागला की आपण चुकीचा प्रश्न विचारतोय. सर्वांत चांगली पद्धत कोणती, हे ती शोधत होती. तशा सात चांगल्या पद्धती तिच्या फळीवर होत्याच, एकेक घेतली तर कशातच खोट नव्हती. खोट अशी होती की एकीची सवय हाताला लागली की दुसरीचा गळा कापला जायचा. सगळ्यांना चालेल, आणि तिच्याशिवाय चालेल, अशी एकच हवी होती, मग ती कितीही रटाळ असो.

शेवटी जे ठरलं ते कुणालाही समजावं इतकं साधं होतं. प्रत्येकाचं जे काही असेल, लेखन, फोटो, सगळं, ते एकाच फोल्डरमध्ये, साध्या फायलींत. प्रत्येक बदलाची जुनी प्रत आपोआप राहणार. साइट वर चढवायला सगळ्यांना एकच कमांड, आणि ती काहीही पुसणार नाही. जुन्या साइटच्या शेजारी नवी उभी करायची आणि मग पाटी, म्हणजे साइटचा पत्ता, तिकडे वळवायची. नवी बिघडलेली निघाली तर पाटी परत. बॅकअपला यादी नाही. सात फोल्डर ज्या मोठ्या फोल्डरमध्ये, तो अख्खाच जायचा, त्यात आठवा आला तर तोही जायचा. आणि दर महिन्याला एक साइट त्या बॅकअपमधून दुसऱ्याच यंत्रावर उभी करून बघायची, सभागृहात, सगळ्यांदेखत.

यात प्रत्येकाचं काही ना काही गेलं. बहिणीच्या पानावर भांडी गोल फिरून दिसायची, ती फिरायची थांबली, आणि त्यावरून दोघींचं चांगलंच वाजलं. मेरिनच्या स्वतःच्या साइटवरच्या चार करामती गेल्या. त्या तिने सगळ्यांत आधी काढल्या.

फेलेटीने डिस्कमधून जे निघेल ते काढलं. त्रेसष्ट होड्यांपैकी एकेचाळीस होड्यांचे फोटो मिळाले, काही अर्धे, खालचा भाग राखाडी. नोंदी मात्र चोवीसच. बाकीच्या गिरवल्या गेल्या होत्या.

ते घेऊन मेरिन आल्विनकडे गेली ती मे महिन्याच्या मध्यावर. मधल्या काळात तो तिच्याशी बोलला नव्हता, दुकानात दिसला तर मान हलवायचा, तेवढंच. तिने छापलेले फोटो बाकावर ठेवले आणि सोबत एक कागद. कागदावर नवी पद्धत होती, एका पानावर मावेल एवढी. ती म्हणाली की हे तुम्ही स्वतः करून बघावं अशी माझी इच्छा आहे, सोबत आणलेल्या या कोऱ्या यंत्रावर, मी हात लावणार नाही. तुम्हाला जमलं नाही तर कागद चुकीचा आहे, तुम्ही नाही.

आल्विनने आधी सगळे फोटो पाहिले. अर्धे राखाडी झालेलेही. मग चष्मा बदलला आणि कागद वाचला.

‘‘तिसरी पायरी कळत नाही,’’ तो म्हणाला.

तिने तिसरी पायरी पुन्हा लिहिली. मग पाचवी. त्या दुपारी कागद चार वेळा बदलला. मेरिनने खरंच हात लावला नाही, हात पाठीमागे धरून उभी राहिली. एका बोटाने टाइप करत आल्विनने आपली साइट त्या कोऱ्या यंत्रावर उभी केली, तेव्हा दिवस कलला होता. पानावर एकेचाळीस होड्या आल्या, त्यांतल्या सतरा नुसत्या फोटोपुरत्या, आणि जिथे बाकीच्या बावीस असायच्या तिथे त्याने आठवून घातलेली नुसती नावं.

‘‘इथे काहीतरी लिहायला हवं,’’ तो म्हणाला. ‘‘लोक विचारतील.’’

‘‘तुम्ही सांगा, मी लिहिते.’’

‘‘तू लिही. तुझ्या शब्दांत.’’

ती त्याच्या जागेवर बसली. पहिल्यांदा तिने लिहिलं की काही तांत्रिक अडचणीमुळे नोंदी उपलब्ध नाहीत. आल्विन मागे उभा राहून वाचत होता. तिने ते पुसलं. मग लिहिलं: ‘या होड्यांच्या नोंदी मेरिन ओकफर्डच्या हातून पुसल्या गेल्या. तिने ते पाच आठवडे लपवलं, म्हणून त्या परत मिळवता आल्या नाहीत.’ खाली तारीख घातली आणि ती उठली.

आल्विनने दोनदा वाचलं. ती वाट बघत होती की तो म्हणेल, एवढं कशाला, थोडं सौम्य कर. तो म्हणाला, ‘‘शुद्धलेखन बरोबर आहे ना?’’

‘‘आहे.’’

‘‘मग चढव.’’

तिने कमांड दिली, सातही साइट्सची एकच ती. काही पुसलं गेलं नाही. पाटी वळली आणि वाक्य जगापुढे गेलं. जूनच्या शनिवारी सभागृहात ते सगळ्यांनी वाचलेलं होतं. दोघांनी आपापल्या साइट्स काढून घेतल्या, चांगल्या शब्दांत, कारण न सांगता. मेरिनने त्यांची फोल्डरं त्यांना नीट बांधून दिली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, आणि चहा झाल्यावर पक्षी मोजणाऱ्या दोघींपैकी एकीने तो कागद मागून घेतला.

आता दर मंगळवारी दुपारी मेरिन शेडमध्ये जाते. आल्विन काम करता करता सांगतो, ती साध्या फायलीत लिहून घेते. काही होड्या त्याला स्वच्छ आठवतात. काहींची फक्त लाकडं आठवतात. विनिफ्रेड कुणी बांधून घेतली ते त्याला आठवत नाही, नुसतं एवढंच की ती पाण्यात सोडली त्या दिवशी एक बाई अनवाणी आली होती. वहीत तिचं नाव होतं, तो म्हणतो. मेरिन खाली मान घालून लिहिते, अनवाणी, नाव माहीत नाही. मग तो पुढच्या होडीकडे वळतो.